उंदीरमारीच्या उतारावर ऐन कधी येणार?

मुंबईत झाड तोडायचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळजण आधी विरोध करतात आणि कारण मागाहून विचारतात. या शहराने तसं वागायला शिकवलंय. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीच्या अंधारात करवती चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. तेव्हापासून ‘पुनर्रोपण’, ‘भरपाई लागवड’ असलं काही कानावर पडलं की मन घट्ट होतं. हे सगळं लक्षात ठेवूनच मी एक मागणी मांडते आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या आणि आरेतल्या ज्या उतारांवर नुसती उंदीरमारी, नुसती सुबाभूळ किंवा नुसती ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी आहे, तिथे टप्प्याटप्प्याने विरळणी करून, म्हणजे या परदेशी झाडांतली थोडीथोडी काढत, मिश्र देशी जंगल आणायला हवं. आणि ही मागणी झाडांसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी करायला हवी. आपण ती केली नाही, तर उद्या दुसरं कुणीतरी दुसऱ्याच हेतूने करेल.

ही झाडं कुणी वाईट बुद्धीने लावली नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उजाड डोंगर हा राज्यापुढचा मोठा प्रश्न होता. जळण हवं होतं, चारा हवा होता, वाहून जाणारी माती धरायची होती. मणिभाई देसाईंच्या बाएफ या ग्रामविकास संस्थेने उरुळीकांचनहून सुबाभळीचा प्रसार केला, तो शेतकऱ्याच्या गोठ्यात बारमाही हिरवा चारा यावा म्हणून. उंदीरमारीचंही तसंच. कागदोपत्री हिला गिरीपुष्प म्हणतात. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. फांदी खोचली तरी जगते, वासामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत, तोडली की दुप्पट जोमाने फुटते, आणि मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र मातीत आणते. कोकणातला शेतकरी हिचा पाला भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून टाकतो. खडकाळ उतारावर, पाणी घालायला माणूस नाही, कुंपणाला पैसा नाही, अशा वेळी वनखात्याने दुसरं काय लावायचं होतं? तिने नेमून दिलेलं काम चोख केलं. चुकलं ते पुढे. पहिली पायरी म्हणून लावलेलं झाड आपण कायमचं जंगल समजून बसलो, आणि दुसऱ्या पायरीचा विचारच राहून गेला.

जानेवारी-फेब्रुवारीत मुलुंडच्या बाजूने डोंगराकडे गेलं की उंदीरमारी फुललेली असते. पानं झडलेली, काड्यांना फिकट गुलाबी तुरे लगडलेले. फोटो फार सुंदर येतात. त्या वेळी नजर खाली वळवावी. एकाच जाडीची, एकाच उंचीची खोडं, बहुतेकांना बुंध्यातूनच तीन-चार फाटे. पाला लवकर कुजणारा, त्यामुळे जमिनीवर पाचोळ्याचा थर पातळ, आणि त्यातून वाळलेलं गवत वर आलेलं. फुलांवर मधमाश्या पुष्कळ असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फळ म्हणाल तर चपटी शेंग. ती वाळली की तडकते आणि बी दूर उडतं. पाखराला त्यात खायला काही नाही.

तिथून त्याच आठवड्यात कान्हेरीच्या अंगाला जुन्या जंगलात जावं. ऐन या आपल्या देशी झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. शेजारी कांडोळाचं पांढरंफटक खोड, वर एकही पान नाही. काटेसावरीच्या लाल फुलांवर बुलबुल, मैना, कोतवाल आणि खारी यांची भांडणं चाललेली. उंबराच्या बुंध्यालाच फळं, आणि वाटेवरच्या दगडावर उदमांजराची विष्ठा, तिच्यात कसल्या कसल्या बिया. मध्ये कारवीचं रान, जी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. कुणाची पानगळ संपली, कुणाची चालू आहे, आणि थोड्याच दिवसांत कोशिंबाला तांबडी पालवी येणार आहे. बाराही महिने कुठल्या ना कुठल्या फांदीवर कुणाच्या तरी पोटाची सोय असते. दोन्ही जागा एकाच उद्यानात मोडतात, दोन्हीकडे पाऊस सारखाच पडतो, आणि उपग्रहाच्या चित्रात दोन्ही हिरव्याच दिसतात.

पाखरांपुरता प्रश्न असता तरी मला तो पुरेसा होता. पण येणाऱ्या हवामानाला एकसुरी रोपवन कसं टिकणार, हा प्रश्न डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. सुबाभूळ ‘चमत्कारी झाड’ म्हणून गाजत होती तेव्हा, १९८८ मध्ये, सायलिड नावाची चिमुकली कीड भारतात पोचली आणि कोवळे शेंडे शोषून सुबाभळीच्या लागवडी तिने बघता बघता निकामी केल्या. कीड झाड ओळखून येते. शेजारचं झाड तिच्या कामाचं नसेल तर ती तिथे अडते. रांगेने एकच झाड असेल तर तिला कुठे अडायचं कारणच उरत नाही. हेच आपण मुंबईच्या रस्त्यांवर पाहिलं. विलायती शिरीष, ज्याला आपण रेन ट्री म्हणतो, त्याला पिठ्या ढेकणाने ग्रासलं आणि रस्त्यावर सावली धरणारी मोठमोठी झाडं ओळीने वाळली. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, जात एकच, वय जवळपास एकच.

वाऱ्याचं आणि पावसाचंही तसंच आहे. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला आणि शहरात शेकडो झाडं उन्मळून पडली. रस्त्यावरची झाडं पडण्यात बुंध्याभोवतीच्या काँक्रीटचा आणि बेबंद छाटणीचा मोठा वाटा असतो, त्यामुळे सगळा दोष जातीवर टाकणार नाही. पण डोंगरउताराचा विचार करताना मुळांचा विचार करावाच लागतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात अतिमुसळधार पावसाच्या व्यापक घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. असं पाणी उतारावर आदळतं तेव्हा उंच झाड, मधलं झाड, झुडूप आणि गवत असे थर असले तर त्याचा जोर वरच्यावर मोडतो. कुणाची मुळं खोल खडकाच्या फटीत, कुणाची वरच्या वीतभर मातीत पसरलेली. ती मिळून माती धरतात. मिश्र जंगल असलं की दरड कोसळणारच नाही, असं कुणी म्हणू नये. जोखीम कमी होते, आणि मुलुंड-भांडुपच्या पायथ्याच्या वस्त्यांना तेवढंही मोलाचं आहे.

पावसानंतर आठ महिने कोरडे, आणि मग वणवे. डिसेंबर २०१८ मध्ये दिंडोशीचा डोंगर कसा धडधडून पेटला होता ते गोरेगावकर विसरले नसतील. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसानेच लावलेले असतात, पण लागलेली आग किती पसरणार ते खाली काय वाळलंय आणि वर काय उभं आहे यावर ठरतं. ऐनाची ती जाड साल आगीत आतला जीव वाचवते. दाट सावलीच्या मिश्र जंगलात गवत फार माजत नाही. विरळ सावलीच्या रोपवनात ते कमरेएवढं वाढतं आणि डिसेंबरपासून पेटायला तयार असतं.

एकाच जातीच्या जंगलाची किंमत जर्मनीने आपल्याआधी मोजली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तोडल्या गेलेल्या जंगलांच्या जागी तिथे मोठ्या प्रमाणावर स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष लावला गेला, कारण तो सरळ आणि झपाट्याने वाढतो आणि लाकूड विकलं जातं. २०१८ ते २०२० अशी सलग कोरडी वर्षं आली, तहानलेल्या झाडांना सालीखालच्या भुंगेऱ्यांनी गाठलं, आणि हार्त्सच्या डोंगररांगेत मैलोन्‌मैल राखाडी सांगाडे उभे राहिले. जिथे जुना स्प्रूस अजून जिवंत आहे तिथे ते त्याच्याच सावलीत बीच, ओक अशी पानझडी झाडं वाढवत आहेत. म्हणजे जुनं रोपवन उभं असतानाच खाली नवं जंगल तयार करायचं. चीनमधल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: आठ वर्षांत सोळा जातींच्या मिश्र लागवडीने एकेका जातीच्या लागवडीपेक्षा दुपटीहून अधिक कार्बन साठवला. ‘भराभर वाढणारं एकच झाड कार्बनसाठी बरं’ हा युक्तिवाद अजूनही सरकारी बैठकांत ऐकू येतो, म्हणून हे सांगणं भाग पडलं.

आपल्या देशातही सुरुवात झाली आहे. केरळने २०२१ मध्ये निलगिरी, वॅटल, अकेशियाची रोपवनं टप्प्याटप्प्याने काढून नैसर्गिक जंगल आणण्याचं धोरण जाहीर केलं. दिल्लीच्या रिजवर, म्हणजे तिथल्या जंगली टेकड्यांवर, विलायती कीकर या परदेशी काटेरी झाडाचं जाळं आहे, तिथे प्रा. सी. आर. बाबू यांनी मांडलेली पद्धत मला मुंबईसाठी सर्वांत उपयोगाची वाटते. कीकर सरसकट तोडायचा नाही. वरच्या फांद्या छाटून उजेड खाली येऊ द्यायचा, खाली देशी झाडं लावायची, आणि ती मोठी होऊन सावली धरू लागली की कीकर आपोआप मागे पडतो.

मुंबईत हे असं करता येईल. सर्वांत आधी उंदीरमारीच्या खाली काय आपसूक उगवलंय ते पाहायचं. जिथे काही वर्षं वणवा लागला नाही आणि गुरं शिरली नाहीत तिथे पाखरांनी आणि वटवाघळांनी आणलेली रोपं बऱ्याचदा आधीच आलेली असतात. बुडाशी वाकून पाहिलं तरच दिसतात. ती जपली तर अर्धं काम फुकट होतं. जिथे काहीच नाही तिथे दोन-चार झाडांएवढी छोटी मोकळीक करायची. यापेक्षा मोठी नको, आणि याबद्दल मी हट्टी आहे, कारण अंगावर एकदम ऊन घेतलेल्या जमिनीवर पहिल्याच पावसात रानमोडी आणि घाणेरी ही परदेशी झुडपं माजतात, आणि ती माजली की उंदीरमारी बरी म्हणायची वेळ येते. छाटलेला पाला बाहेर न्यायचा नाही. तो नव्या रोपाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरायचा. ओल टिकते आणि नत्रही मिळतं. खुंटाला फुटवे येणारच. ते दर पावसाळ्यानंतर कापायला माणूस लागेल, एक-दोन वर्षं नव्हे, झाड डोक्यावर जाईपर्यंत.

काय लावायचं, याचं उत्तर डोंगराच्या प्रत्येक वळणाला वेगळं आहे. ओघळीत आणि नाल्याच्या काठाला उंबर, करंज, जांभूळ. मधल्या उतारावर ऐन, किंजळ, हेद, कळंब, शिवण, कोशिंब, बेहडा, मोह. उघड्या खडकाळ माथ्यावर कांडोळ, काटेसावर, पांगारा, पळस, खैर. खाली कुडा, धायटी, कारवी. सागही आपलाच आहे, पण सागाचंच रान करायचं नाही. पानं खाणारी अळी आली की जून-जुलैत अख्खं सागवन चाळणी झालेलं आपण पाहतोच. आणि शंभर वर्षांपूर्वी इथे जे होतं तेच जसंच्या तसं परत आणायचं, असाही हट्ट नको. उन्हाळे कडक होत चाललेत. म्हणून देशातल्या अधिक कोरड्या भागांतही तग धरणाऱ्या जातींना, आणि त्या जातींच्या तिकडच्या बियाण्यालाही, थोडी जागा द्यावी. रोपवाटिकेतल्या पिशवीत मुळं गोल गुंडाळली गेलेली उंच रोपं उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात, पण खडकाळ उतारावर ती फार काळ टिकत नाहीत. त्यापेक्षा लहान, सरळ मुळांचं रोप किंवा जागेवर टोकलेलं बी बरं. मियावाकी पद्धतीचं, म्हणजे थोड्या जागेत खेटून रोपं लावून केलेलं, दाट वन शहरातल्या एखाद्या कचरा टाकायच्या भूखंडावर जरूर करा. शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या उद्यानाच्या उतारांना ती पद्धत लागू पडत नाही, आणि तिच्या नावाखाली सांगितले जाणारे रोपांचे लाखांतले आकडे ऐकून समाधान मानू नये.

या आकड्यांपाशी सगळी गाठ आहे. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्ष लावायचं लक्ष्य ठेवलं होतं. वृक्ष संरक्षणाच्या १९७५च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची असं ठरलं. दुरुस्ती चांगली आहे, तिच्यामागचा विचारही. पण हिशोब पुन्हा संख्येतच राहिला, आणि संख्येच्या शर्यतीत लवकर जगणारं झाडच जिंकतं. लावणाऱ्याला जगलेल्या रोपांची टक्केवारी दाखवायची असते, मग तो जे जगतं ते लावतो. आपण आंदोलकही संख्येवरच भांडतो, कारण न्यायालयात संख्या टिकते. याचा परिणाम असा की एका उंदीरमारीची आणि एका ऐनाची किंमत कागदावर सारखी होते, आणि उंदीरमारी काढून ऐन वाढवणारा वनरक्षक कागदोपत्री झाडं कमी करणारा ठरतो. एखाद्या उतारावर किती जाती आहेत, किती थर आहेत, आपसूक किती रोपं येताहेत आणि दहा वर्षांत हे कसं बदललं, हे मोजायला वनखात्याने सुरुवात केली पाहिजे. उद्यानाच्या आराखड्यात ते लिहून आलं पाहिजे. मोठ्या रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या भरपाईचा पैसा कुठल्यातरी दूरच्या तालुक्यात खड्डे खणण्यावर जातो त्याऐवजी त्यातला मोठा हिस्सा इथल्या उतारांवर दहा-दहा वर्षांच्या देखभालीसाठी द्यावा: जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे), पहारा, फुटवे कापणं, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावणं. पैसा खरा इथेच लागतो, आणि उद्घाटनानंतर इथेच तो मिळत नाही.

आता अविश्वासाबद्दल. ‘विदेशी झाडं काढायची आहेत’ हे कारण पुढे करून उद्या कुणी आरेतला एखादा तुकडा मोकळा केला, तर? ही भीती खरी आहे, आणि ती बाळगणाऱ्यांना मी जंगलाचे शत्रू म्हणणार नाही. म्हणून अटी आधी. जिथे विरळणी होईल त्या जमिनीचा वापर बदलणार नाही हे लेखी, आणि जिथे जमीन अजून राखीव वन नाही तिथे ती आधी व्हावी. आरेतल्या आठशेहून अधिक एकरांना ते संरक्षण मिळालं, उरलेल्यालाही मिळावं. निघालेलं लाकूड विकायचं नाही. राष्ट्रीय उद्यानापुरतं हे १९७२च्या वन्यजीव कायद्यातच आहे: काढावं लागलेलं वनोपज आत आणि आसपास राहणाऱ्यांच्या घरगुती गरजेला द्यायचं, व्यापाराला नाही. तोच नियम आरेलाही लावावा. लाकडात पैसा नसला की कुऱ्हाडीला घाई राहत नाही. कुठल्या बीटात (वनरक्षकाच्या हद्दीत), कुठल्या वर्षी, कोणती झाडं, त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो, हे सगळं मराठीत आणि सगळ्यांना पाहता येईल असं जाहीर व्हावं. आणि आधीच्या तुकड्यातली रोपं तीन पावसाळे जगल्याचं दिसल्याशिवाय पुढचा तुकडा हाती घेऊ नये.

उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवरची वारली कुटुंबं या कामात मजूर म्हणून नव्हे, जाणकार म्हणून हवीत. कुठल्या ओघळीला मोहाचं जुनं झाड आहे, कुठल्या उंबराखाली रोपं येतात, कुठली भाजी कुठल्या सावलीत उगवते, हे त्यांच्याकडून कळतं. पाणी, वीज, घर यांसाठी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या झगडताहेत, आणि जंगल वाचवायचं नाव निघालं की सर्वांत आधी त्यांनाच उठवायची भाषा होते. मिश्र जंगलाची योजना जर त्यांच्या विस्थापनाचं आणखी एक निमित्त होणार असेल, तर मी माझी मागणी मागे घेईन. त्यांना बी गोळा करण्याचा, रोपवाटिका चालवण्याचा आणि पहाऱ्याचा वर्षभराचा पगार मिळावा, हंगामी रोजंदारी नको.

सुरुवातीला दोन जागा पुरेत, एक मुलुंडच्या बाजूला आणि एक येऊरच्या, मोठी घोषणा न करता. बियाण्याचं वेळापत्रक मात्र आपल्या हातात नाही. ऐनाची फळं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत उतरतात, करंज त्याच सुमारास, काटेसावर आणि पळस एप्रिल-मेमध्ये, शिवण मे-जूनमध्ये, आणि कोशिंब पाऊस सुरू होता होता. ती गोळा करायची माणसं जानेवारीत नेमलेली हवीत, आणि त्याआधी वन्यजीव मंडळाची मंजुरी हवी. म्हणजे प्रस्ताव या दिवाळीच्या आत वनखात्याकडून मंत्रालयात पोचला पाहिजे. नाहीतर बी तसंच दगडावर पडून जाईल आणि आणखी एक पावसाळा वाया जाईल.